मुलांच्या फोनवर लक्ष ठेवणारं अ‍ॅप: धाकट्याला चाललं, थोरलीला नाही

आधी निकाल सांगते, मग पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पालकांसाठीचं हे अ‍ॅप नऊ वर्षांच्या मुलासाठी कामाचं आहे. चौदा वर्षांच्या मुलीसाठी त्याचा उपयोग थोडा आणि ताप फार. जाहिरातीत आई निवांत बसलेली असते आणि मुलं आपणहून पुस्तक उघडतात, तसं दोघांपैकी कुणाच्याही बाबतीत होत नाही.

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. या प्रकारातल्या बहुतेक अ‍ॅपांचा सांगाडा सारखाच असतो आणि मला बोलायचंय ते सांगाड्याबद्दल. गूगलने २०१७ मध्ये फॅमिली लिंक आणलं, अ‍ॅपलने २०१८ मध्ये आयफोनवर स्क्रीन टाइम दिलं, आणि हेच काम वर्गणी घेऊन करणारी इतरही बरीच अ‍ॅप बाजारात आहेत. माझं वर्गणीवाल्यांपैकी एक.

मी बालरोग वॉर्डात स्टाफ नर्स आहे. ड्यूटी तिन्ही पाळ्यांत फिरते, नवऱ्याची नोकरी फिरतीची. मुलं शाळेतून घरी येतात तेव्हा घरात सासूबाई असतात आणि फोन असतात. सासूबाईंनी 'ठेव तो फोन' म्हणायचं आणि मुलांनी 'पाच मिनिटं गं आजी' म्हणायचं, हे रोजचं. मी घरी आले की दोन्ही पक्ष माझ्याकडे तक्रार घेऊन हजर. म्हणून हे अ‍ॅप घेतलं.

बसवायला फार वेळ लागत नाही. एक माझ्या फोनवर, एक मुलांच्या. मी कोड टाकायचा, मग तिकडे परवानग्यांची रांग लागते. या परवानग्या मुलांना समोर बसवूनच द्या, झोपल्यावर गुपचूप नको. आमच्या थोरलीने एकेक ओळ मोठ्याने वाचली. 'या फोनचं लोकेशन पाहू शकेल. या फोनवरच्या सूचना वाचू शकेल. अ‍ॅप थांबवू शकेल.' यादी संपल्यावर म्हणाली, "आणि मी काय करू शकेन?" म्हटलं, "जास्त वेळ मागू शकशील." अ‍ॅपनेही तिला तेवढंच दिलेलं आहे. त्या बटणाबद्दल पुढे सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे.

खातं उघडताना जन्मसाल विचारतात. तेराच्या आतलं मूल असेल तर पालकांची संमती लागते. पुष्कळ आयांची समजूत असते की तेरा हा आकडा कुणा बालमानसतज्ज्ञाने विचार करून काढला असेल. तो आला अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यातून. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करायची असेल तर आधी आईवडिलांची परवानगी घ्या, असं तो कायदा कंपन्यांना सांगतो. तेराव्या वर्षी मूल रात्री अकराला आपणहून फोन खाली ठेवू शकतं का, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून समाजमाध्यमांवरच्या खात्यासाठी सोळाची अट घातली, म्हणजे तेरावर सगळ्यांचं एकमत आहे असंही नाही. तसंही धाकट्याच्या बऱ्याच मित्रांचं जन्मसाल शाळेच्या दाखल्यावर एक आणि फोनवर दुसरं असतं.

आता धाकट्याबद्दल. इथे मी अ‍ॅपला मनापासून चांगले गुण देईन.

त्याला व्हिडिओ बघायला दिवसाला एक तास, रात्री साडेआठनंतर फोन कुलूपबंद, आणि नवीन गेम उतरवायचा तर मला विचारून. पहिले काही दिवस आरडाओरडा झाला, मग बसला. बसला याचं कारण मला असं दिसतं की नऊ वर्षांच्या पोराला थांबता येत नाही ते हट्टामुळे नाही, समोरची गोष्ट संपतच नाही म्हणून. पूर्वी वेबसाइटचं पान तळाशी संपायचं, 'पुढे' दाबावं लागायचं, आणि तेवढ्यात माणूस भानावर यायचा. न संपणाऱ्या पानाची कल्पना २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरने काढली आणि नंतर त्याबद्दल स्वतःच जाहीरपणे खंत व्यक्त केली. व्हिडिओचंही तेच, एक संपायच्या आत दुसरा सुरू. अधूनमधून एखादा भन्नाट लागतो, बाकीचे भिकार. पुढचा कसा निघेल ते ठाऊक नसतं, म्हणून बोट सरकत राहतं. भल्याभल्यांना हे आवरत नाही. नाइटला मी मोठमोठ्या डॉक्टरांना कॉफीचा कप हातात धरून तासतासभर अंगठा फिरवताना बघते. चौथीतल्या पोराकडून कसली अपेक्षा करायची?

अ‍ॅप त्या न संपणाऱ्या गोष्टीला शेवट लावून देतं. मात्र सेटिंगमध्ये 'पाच मिनिटं आधी सूचना' हा पर्याय सुरू करा. तो मुळात बंद असतो, आणि का बंद ठेवलाय हे कंपनीलाच ठाऊक. सूचनेशिवाय पडदा काळा झाला की पोर असं किंचाळतं की शेजारचे धावत येतील. सूचना मिळाली की तो स्वतःच चाललेली फेरी पुरी करून ठेवतो, कुरकुरत का होईना. आणि सासूबाईंचं मधल्यामधे मरण टळलं. आता त्या पोथीतून मान वर न करता म्हणतात, "माझ्याकडे नको बघूस, तुझ्या आईच्या मशीनने बंद केलाय." आजी-नातवाची भांडणं निम्म्याने कमी झाली. वर्गणीतला अर्धा पैसा इथेच वसूल.

फोन वाईट, असं मी म्हणणार नाही. आमच्या वॉर्डात सलाईन लावताना चार वर्षांचं पोर हात आखडून घेतं, तेव्हा आईच्या फोनवर कार्टून लावलं की बोटं सैल पडतात आणि मला शीर सापडते. तिथे तो फोन अर्धं औषध असतो. पण तीच आई डिस्चार्जच्या दिवशी सांगते, "सिस्टर, घरी पण रडला की हेच देते." तिथे मी थांबते आणि बोलते. मिशिगन विद्यापीठातल्या जेनी रॅडेस्की या बालरोगतज्ज्ञांनी ३ ते ५ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला होता. रडणं थांबवायला ज्या मुलांच्या हातात वारंवार फोन दिला जातो, त्यांच्यात, विशेषतः मुलग्यांमध्ये, पुढे चटकन भडकण्याचं, मनःस्थिती झरझर बदलण्याचं प्रमाण जास्त दिसलं. ऐकल्यावर मला नवल वाटलं नाही. सुई टोचण्यापुरता फोन वेगळा आणि प्रत्येक रडण्यावर फोन वेगळा. रडू येणं, ते वाढणं, मग आपोआप ओसरणं, हा पूर्ण प्रवास पोराने कधी केलाच नाही तर त्याला ते जमणार कधी? यात अ‍ॅप काही करू शकत नाही. मिनिटं मोजणाऱ्याला ही दहा मिनिटं आणि ती दहा मिनिटं सारखीच.

मिनिटांवरून साप्ताहिक अहवालाकडे येते. दर रविवारी सकाळी माझ्या फोनवर रंगीत पट्ट्यांचा तक्ता येतो: मनोरंजन इतके तास, समाजमाध्यमं इतके, इतर इतके. थोरलीच्या पहिल्या अहवालात 'मनोरंजन' पट्टी एवढी लांब की मी हादरलेच. तिला समोर बसवून एकेक नोंद उघडली. त्यात हात कसा काढायचा, म्हणजे माणसाचा पंजा, बोटांचे सांधे, नखं, हे शिकवणारे व्हिडिओ होते. थांबवत, मागे नेत, वहीत काढत ती ते बघत होती. वही आणून दाखवली. पानंच्या पानं पंजे. नंतरचे पहिल्यापेक्षा स्पष्टच चांगले. भूमितीचे दोन-तीन तास 'मनोरंजन'मध्येच. आणि हो, रात्री पडल्या पडल्या बघितलेल्या रील्सही होत्या, त्यांचं तिनेही समर्थन केलं नाही. "त्या मला पण नंतर आठवत नाहीत," म्हणाली. ही वाटणी तिने मला करून दिली, अहवालाने नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ मध्ये मोठ्या मुलांसाठीची सरसकट दोन तासांची मर्यादा सोडून दिली आणि प्रत्येक घराने आपला आराखडा आखावा असं सांगितलं. अगदी लहानांसाठी मात्र आकडा आहे: २ ते ४ वर्षांच्या मुलांना एका तासापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते. पोर जितकं लहान तितका आकडा कामाचा, असा माझाही अनुभव.

आता ते बटण. वेळ संपली की मुलाच्या पडद्यावर 'आणखी वेळ मागा' असं येतं. दाबलं की माझा फोन वाजतो आणि मला दोन पर्याय दिसतात: 'मंजूर' आणि 'नामंजूर'. बस. त्याने का मागितली हे लिहायला त्याच्याकडे जागा नाही, मी का नाकारली हे लिहायला माझ्याकडे नाही. राउंड चालू आहे, हातात फाइल, डॉक्टर औषध बदलतायत, आणि खिशात ट्रिंग. थोरलीची पंधरा मिनिटं. प्रकल्पासाठी? मैत्रिणीशी भांडण झालंय म्हणून? की उगाच? मला कळायला मार्ग नाही. घाईत 'नामंजूर'वर बोट पडतं. घरी येते तो दार बंद.

डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात आईवडिलांच्या तऱ्हा मांडल्या होत्या. आम्हाला नर्सिंगला त्या पाठ करायला होत्या. एक, 'मी सांगते म्हणून' वाले. दुसरे, 'जाऊ दे, कर काय करायचं ते' वाले. तिसरे नियम ठाम ठेवतात, पण कारण सांगतात आणि पोराचं म्हणणं ऐकूनही घेतात. या तिसऱ्यांकडची मुलं जास्त स्वावलंबी आणि स्वतःला आवरणारी दिसली. परीक्षेत तीन गुणांचा प्रश्न होता तो. अ‍ॅपची सगळी बटणं मात्र पहिल्या प्रकारच्या पालकासाठी केलेली आहेत. तिसऱ्या प्रकारच्या पालकाला लागतो एका ओळीचा रिकामा रकाना, तो या वर्गणीत बसलेला नाही.

धाकट्याला कारण नसलं तरी निभतं. साडेआठ म्हणजे साडेआठ. चौदाव्या वर्षी कारणाशिवायचा नियम म्हणजे सोडवायचं कोडं. थोरलीने काय काय केलं ते मला तिनेच नंतर सांगितलं, आणि थोड्या अभिमानाने सांगितलं. फोनचं घड्याळ मागे नेणं झालं. मर्यादा असलेलं अ‍ॅप काढून पुन्हा उतरवणं झालं. व्हिडिओची लिंक स्वतःलाच मेसेज करून ती मेसेजच्याच खिडकीत बघणं झालं, कारण मेसेजला मर्यादा नव्हती. यातल्या एकाही गोष्टीचा इशारा अ‍ॅपने मला दिला नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण रात्रीच्या कुलपाने एक गोष्ट अशी घडवली जी त्याने टाळायला हवी होती. मुलांच्या फोटो पाठवायच्या एका अ‍ॅपवर 'स्ट्रीक' असते. दोघींनी एकमेकींना चोवीस तासांच्या आत फोटो पाठवला तर आकडा एकाने वाढतो, एक दिवस चुकला की शून्य. फोटो कसलाही चालतो, छताचा, चपलेचा. आपल्याला पोरकट वाटेल, पण सहा-सात महिन्यांचा आकडा त्यांच्यात मैत्रीचा पुरावा असतो, आणि तो आपल्यामुळे तुटला तर दुसऱ्या दिवशी वर्गात तोंड दाखवायचं असतं. घरी कुलूप पडायचं नेमकं त्या वेळी. मग थोरलीने काय करावं? स्वतःचा पासवर्ड मैत्रिणीला दिला. "तू माझ्या नावाने टाकत जा." म्हणजे तिचं अख्खं खातं, मेसेज, फोटो, सगळं दुसऱ्या घरातल्या फोनवर. सुरक्षिततेसाठी घेतलेल्या अ‍ॅपच्या कुलपातून ही वाट फुटली. मी कुलूप अर्ध्या तासाने पुढे नेलं, पासवर्ड बदलायला लावला, प्रश्न मिटला. त्यासाठी तिने मला स्ट्रीक म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. पाऊण तास बोलली ती, इतकी एका दमात बऱ्याच दिवसांनी.

मेसेज तपासण्याच्या सोयीबद्दल एवढंच सांगते की बंद करून टाका. ही जास्तीच्या वर्गणीत मिळते. मुलांच्या मेसेजमधले धोक्याचे शब्द हेरून आईवडिलांना लाल सूचना देते. पहिली लाल सूचना आली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. उघडून बघते तर वर्गातल्या कुणाच्या तरी विनोदावर 'हसून हसून मेले' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. दुसरी धाकट्याची, गेममधल्या राक्षसाला मारण्याबद्दल. मुलं एकमेकांना इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, ते मात्र त्याच्या डोक्यावरून जातं. एका ग्रुपवर कुणीतरी एका मुलीच्या दिसण्यावरून घाण लिहिलं होतं. शुद्ध मराठीत, इंग्रजी अक्षरांत. अ‍ॅप गप्प. मला कळलं ते थोरलीने स्वतः येऊन दाखवलं म्हणून.

आणि मला व्यक्तिशः ते पटतही नाही. आमच्याकडे पंधरा-सोळाची मुलगी पोटदुखी घेऊन येते तेव्हा अनुभवी डॉक्टर आईला जरा बाहेर थांबायला सांगतात. आई बाहेर गेली की खरं दुखणं बाहेर पडतं. बहुतेक वेळा ते आईला सांगण्यासारखंच असतं आणि नंतर सांगितलंही जातं, पण आधी कुणीतरी पहारा न ठेवता ऐकावं लागतं. रोज संध्याकाळी लेकीचे मेसेज वाचणाऱ्या आईकडे ती मुलगी येईल का?

लोकेशन ठेवलं आहे. क्लासहून निघाली की कळतं, जिवाला बरं. माझंही तिला दिसतं, ती अट तिनेच घातली. माझा स्क्रीन टाइम दोघांना दिसावा अशीही तिची मागणी होती, पण अ‍ॅपमध्ये तशी सोयच नाही. लक्ष ठेवायचं ते फक्त मुलांवर, हे त्यात गृहीत आहे. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला होता. आई बाळाशी खेळता खेळता दोन मिनिटं चेहरा कोरा ठेवते. बाळ हसून बघतं, बोट दाखवतं, ओरडतं, शेवटी तोंड फिरवतं. तेव्हा स्मार्टफोन नव्हते. आज आमच्या ओपीडीच्या बाकांवर तो कोरा चेहरा रोज दिसतो, आणि ड्यूटीचा ग्रुप वाचताना माझा वेगळा दिसत असेल असं नाही.

तर सध्या घरात असं आहे. धाकट्याचं अ‍ॅप चालू, पाच मिनिटांच्या सूचनेसकट. थोरलीच्या फोनवरून लोकेशन सोडून सगळं काढलं. तिचा फोन रात्री साडेदहाला बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागतो, माझाही, आणि नाइट असली की माझ्या जागी आजीचा. हे आम्ही कागदावर लिहून फ्रीजवर लावलंय, खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. परीक्षा संपली की पुन्हा बोलायचं ठरलंय. वर्गणीची मुदत संपली की धाकट्यालाही फोनमध्ये फुकट मिळणाऱ्या सोयीवर नेणार, कारण आम्ही वापरतो तेवढं सगळं तिथेही आहे. 'नामंजूर'खाली कारण लिहायला एक ओळ द्या, असं कंपनीला कळवलं होतं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं उत्तर आलं, तेही दोनदा.

पाचपैकी तीन तारे. मूल दहाच्या आतलं असेल तर चार धरा, बाराच्या पुढचं असेल तर दोन. आणि दोन भावंडांत एकच टॅब असेल तर घेऊच नका. टॅब कुणाच्या हातात आहे हे त्याला ओळखता येत नाही, थोरल्याने खर्च केलेली मिनिटं धाकट्याच्या खात्यातून जातात. आमच्याकडे त्या एका शनिवारचा हिशेब अजून चालू आहे.